दत्तकांचं गाव

पुस्तक परत करायची मुदत शनिवारी संपत होती आणि स्कूटर शुक्रवारीच रुसून बसली. मेकॅनिकनं तिच्या पोटात हात घालून पाहिलं, हात पुसले आणि म्हणाला, "बेन, सोमवारे लई जजो." म्हणून शनिवारी दुपारी रिक्षा करून मध्यवर्ती वाचनालयात गेले, एक पुस्तक दिलं, दुसरं घेतलं आणि पावणेसहाला बाहेर पडले तर मांडवीत लग्नसराईची तोबा गर्दी. एकही रिक्षावाला फतेगंजला यायला तयार होईना. शेवटी एक तयार झाला, पण त्याचा आकडा ऐकून मीच तयार झाले नाही. म्हटलं, चालत जाऊ. चारेक किलोमीटर तर आहे.

बडोद्यात येऊन मला अकरा वर्षं झाली. माझी मिरज ते बडोदे ही बदली तीन वर्षांची होती. ती तीन वर्षं कधी संपली ते कळलं नाही, पुढची बदली आली तेव्हा मी अर्ज करून इथेच राहिले. पण विचाराल तर या अकरा वर्षांत जुन्या शहरातून मी एकदाही नीट चाललेले नव्हते. स्कूटरवरून दिसतं ते शहर म्हणजे पुढच्या गाडीचा लाल दिवा, मध्येच बसलेली गाय आणि आपण चुकवलेला खड्डा. मान वर करायची सोय नसते.

मांडवी ही चौकाच्या मधोमध उभी असलेली चौकोनी इमारत, प्रत्येक बाजूला तीन तीन कमानी. तिथून चार दिशांना चार रस्ते फुटतात आणि चार दरवाजांना जाऊन लागतात: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. जुनं बडोदं एवढंच. जवळच विठ्ठलाचं देऊळ आहे. पण इथे तो विठ्ठलनाथजी आहे, आणि कार्तिकी एकादशीला त्याची पालखी निघते तिला इथले लोक 'वरघोडो' म्हणतात. वरघोडो म्हणजे नवऱ्यामुलाची वरात. आमच्याकडे त्याच एकादशीला टाळकरी नाचतात, इथे विठोबा नवरदेव होऊन मिरवतो. पहिल्या वर्षी मला हे जरा खटकलं होतं. आता वाटतं, विटेवर एवढी युगं उभं राहिल्यावर एखाद्या दिवशी मिरवायचा हक्क त्यालाही आहे.

लहेरीपुऱ्याच्या दिशेला लागले. दोन्ही बाजूंना साड्या, बांगड्या, भांडी, चणियाचोळी. रस्त्यावरच्या माणसाला चालायला जेवढी जागा उरते तेवढीच मला मिळाली. दरवाजातून बाहेर आलं की डावी-उजवी करत न्यायमंदिरासमोर येतो आपण. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात तो घुमट आणि त्या कमानी पहिल्यांदा मान वर करून पाहिल्या. १८९६ मध्ये ही इमारत बांधली ती भाजीबाजारासाठी. मग कुणाला तरी वाटलं असणार की एवढ्या देखण्या छपराखाली वांगी विकणं बरं नव्हे, आणि तिथे न्यायालय बसलं. आता न्यायालयही नव्या इमारतीत गेलंय. पण रिक्षावाले, फेरीवाले, सगळे अजूनही 'न्यायमंदिर'च म्हणतात. त्यातला न्याय निघून गेला, नाव राहिलं.

इमारतीला नाव दिलंय ते चिमणाबाईंचं. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या पहिल्या पत्नी. त्या तंजावरच्या मोहित्यांच्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. १८८० मध्ये लग्न होऊन बडोद्याला आल्या, आणि त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि साथीदारही आले. कल्पना करून पाहा. कावेरीकाठची एक मुलगी, जिच्या कानावर घरात मराठी आणि दारात तमिळ, ती गुजरातीत बोलणाऱ्या शहरात राणी म्हणून येते आणि माहेरची आठवण म्हणून सोबत नाच घेऊन येते. पाच वर्षांत, १८८५ साली, त्या गेल्या. रावपुऱ्यातला घड्याळाचा टॉवरही त्यांच्याच आठवणीसाठी उभा केलेला आहे.

आणि राजा तरी कुठला इथला? मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ. खंडेराव महाराज निपुत्रिक गेले, त्यांच्यामागे गादीवर आलेल्या मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ मध्ये उतरवलं आणि खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी दत्तक शोधायला माणसं पाठवली. गायकवाड घराण्याच्या शेतकरी शाखेतली तीन मुलं बडोद्याला आणली. कशासाठी आणलंय माहीत आहे का, असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, "राज्य करायला." ही आख्यायिका बडोद्यात इतक्या जणांनी इतक्या वेळा मला सांगितलीय की सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून वाटावं, तो तिथे दाराआड उभाच होता. ज्याला तोवर अक्षरओळखही धड नव्हती, त्या मुलानं पुढे सयाजीराव महाराज झाल्यावर १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मी ज्या वाचनालयातून पुस्तक घेऊन निघाले तेही त्यांचंच. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेतून बोलावून त्यांनी ते उभं केलं, आणि ज्या गावात वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली.

राजा दत्तक, राणी तंजावरची, ग्रंथपाल अमेरिकेचा. न्यायमंदिरापासून सूरसागरापर्यंतच्या पाच मिनिटांत माझ्या डोक्यात ही यादी सुरू झाली आणि घरी पोचेपर्यंत थांबली नाही.

सूरसागर हा शहराच्या मध्यावरचा तलाव. मधोमध शंभर फुटांहून उंच महादेव उभा आहे, आता सोन्यानं मढवलेला. माझं प्रामाणिक मत विचाराल तर मला तो सांजवेळी आवडतो, उन्हात नाही. उन्हात फार झळकतो. त्या दिवशी सूर्य पार खाली गेला होता, पाणी राखाडी झालं होतं आणि काठावरच्या दगडी पाळीवर निम्मं बडोदं बसलं होतं. शेंगा, भेळ, फुगे, जोडपी, जोडप्यांकडे बघत बसलेले म्हातारे.

काठावरच संगीत महाविद्यालय आहे. आत कुणीतरी तबला घोटत होतं, तोच कायदा, म्हणजे बोलांची तीच बांधणी, पुन्हा पुन्हा, दर वेळी त्याच जागी अडखळत. मी मिरजेची. मिरजेत वाढलेल्या माणसाला गाणं येत नसलं तरी तानपुरा लागलेला आहे की नाही हे कळतं, कारण शाळेच्या वाटेवर तानपुऱ्यांचे भोपळे टांगलेले असतात आणि दुकानादुकानांत कुणीतरी तारा जुळवत बसलेलं असतं. इथली संगीतशाळा १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झाली. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ इथे दरबारगायक झाले आणि १९५० मध्ये इथेच वारले. पण मला तिथे उभं राहून आठवले ते अब्दुल करीम खाँ. कैराण्याहून आलेला हा तरुण गवई बडोद्याच्या दरबारी होता. इथल्या माने सरदारांच्या घरातल्या ताराबाईंशी त्याचं मन जुळलं आणि दोघांनी बडोदं सोडलं. मुंबई, मग मिरज. खाँसाहेब आज मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहेत. उरुसाला तिथे रात्रभर गाणं चालतं. लहानपणी वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून मी ते ऐकत, खरं सांगायचं तर त्यात झोपत, आले.

त्यांची मुलगी हिराबाई. जन्म १९०५, मिरजेत. पुढे आईनं मुलांना घेऊन वेगळं बिऱ्हाड केलं, आणि हिराबाई नावारूपाला आल्या तेव्हा त्यांचं आडनाव होतं बडोदेकर. म्हणजे जन्मगाव मिरज आणि नावात बडोदे. लहानपणी मला याचं कोडं पडायचं. आमच्या गावची बाई आणि आडनाव दुसऱ्याच गावाचं, हा कसला न्याय? मिरजकर का नाही? सूरसागराच्या पाळीवर बसून मला पहिल्यांदा वाटलं की त्यात न्याय-अन्यायाचं काही नव्हतं. आईनं जे शहर सोडलं होतं ते लेकीनं नावात ठेवून घेतलं. आणि त्यांच्या वाटेनं उलटी चालत मी इथे येऊन बसले आहे, माझ्या आडनावात मात्र अजून कुठलंच गाव नाही.

"तुम्ही महाराष्ट्रातल्या ने?"

शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं. पंचाहत्तरीचे असतील. डोक्याला मफलर, हातात शेंगांचा पुडा. मी मघापासून फोनवर बहिणीशी बोलत होते, त्यावरून ओळखलं असणार.

"हो, मिरजेची. तुम्ही, काका?"

"आम्ही इथलेच. दांडियाबाजार. पाच पिढ्या झाल्या."

"मूळ गाव कुठलं?"

"मूळ..." त्यांनी एक शेंग फोडली. "साताऱ्याकडचं म्हणतात. मी कधी गेलो नाही. बहु लांब आहे ने." मग माझ्याकडे पुडा करत म्हणाले, "तुमची मराठी शुद्ध आहे. आमची खिचडी झाली."

मी म्हटलं, खिचडी पचायला हलकी असते. ते खूष झाले. "वांधा नाही मग," म्हणाले.

बडोद्याच्या मराठीबद्दल पुण्याकडचे लोक हसून बोलतात. सुरुवातीला मीही हसायचे. वाक्याच्या शेवटी 'ने', अडचण नसली की 'वांधा नाही', आणि 'खूप'च्या जागी 'बहु'. मग एकदा लक्षात आलं की 'बहु' तर ज्ञानेश्वरीपासून आपलाच आहे. आपण तो पोथीत ठेवून दिला, यांनी शेंगांच्या पुड्यासोबत वापरात ठेवला. पाच पिढ्या परक्या भाषेच्या गावात राहून घरात मराठी टिकवणं ही काय चीज आहे, ते माझा मुलगा फोनवर मित्रांशी ज्या तीन भाषांच्या मिश्रणात बोलतो ते ऐकल्यावर कळतं. त्याला तर इथे येऊन अकराच वर्षं झालीत.

रावपुऱ्यातून जाताना चिमणाबाईंच्या टॉवरखाली थोडं थांबले, घड्याळ बघितलं, माझ्या मनगटावरचंही बघितलं. पुढे पेढ्यांची दुकानं, चष्म्यांची दुकानं, दवाखाने. या भागाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, किंवा असेल, पण मला भूक लागली होती.

भुकेवर कीर्तिमंदिराजवळ उपाय आहे. सेव-उसळ. आता मिसळीच्या मुलखातून आलेल्या बाईसमोर सेव-उसळीचं नाव काढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं होतं, "अगं, मटकीच नाही त्यात!" नाहीच. वाळवलेले पांढरे वाटाणे भिजवून शिजवतात, त्यांचा दाटसर रस्सा, वर जाड शेव, चिरलेली कांद्याची पात, लसणाची लालभडक तरी वेगळ्या वाटीत आणि पाव. मिसळीत फरसाण आणि रस्सा यांची कुस्ती असते, आणि कोल्हापूर-मिरजेकडे तर खाणाराही त्यात उतरतो. सेव-उसळ कुस्ती खेळत नाही. ती गुजराती आहे, व्यवहार जाणते: तिखट हवं असेल तर वरून घ्या, तुमचं तुम्ही ठरवा.

"बेन, तीखुं के मीडियम?"

अकरा वर्षांपूर्वी मी तोऱ्यात 'तीखुं' म्हणायचे आणि मग म्हणायचे, यात तिखट कुठाय. त्या दिवशी 'मीडियम' म्हणून गेले. तोंडातून शब्द गेल्यावर मीच चपापले. आईनं ऐकलं असतं तर मिरजेहून पहिली गाडी पकडून आली असती. शेजारी एक कॉलेजची मुलगी डोळ्यांतून पाणी काढत तिसऱ्यांदा तरी मागत होती. तिच्यापुढे माझी सगळी मिरज चितपट.

कीर्तिमंदिर तोवर अंधारात गेलं होतं. गायकवाड घराण्याची ही स्मारकवास्तू १९३६ मधली. तिच्या शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत, आणि त्या पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. आतल्या भिंती नंदलाल बोस यांनी रंगवल्या. शांतिनिकेतनातून येऊन त्यांनी इथे गंगावतरण काढलं, मीरा काढली, महाभारताचं युद्ध काढलं. यादीत आणखी एक नाव.

पुलावर गर्दी दिसली म्हणजे समजायचं, मगर दिसलीय. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. संग्रहालयात नाही, पिंजऱ्यात नाही, नदीत. मोठा पूर आला की त्या गल्ल्यांत येतात. २०२४ च्या ऑगस्टात आमच्या ओळखीच्यांच्या सोसायटीच्या आवारात एक आली होती आणि मुलं तिसऱ्या मजल्यावरून तिला नावानं हाका मारत होती. नाव त्यांनीच ठेवलेलं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. काळं पाणी आणि काठाला एक ओंडका.

"लाकडुं नथी, बेन. मगर छे."

मी पाच मिनिटं उभी होते. ओंडका हलला नाही. सांगणाऱ्याची खात्रीही हलली नाही.

पुढे काळा घोडा. मुंबईतल्या काळ्या घोड्यावरचा राजा १९६५ मध्ये घोड्यासकट उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला आणि नंतर त्या जागी आणलेला नवा घोडा बिनस्वाराचा आहे. बडोद्याच्या घोड्यावर सयाजीराव अजून बसलेले आहेत. डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकारानं १९०७ मध्ये केलेला पुतळा. खाली वाहनं फिरतात, वर महाराज स्वस्थ.

सयाजीबागेचं फाटक उघडं होतं म्हणून आत गेले. बाग १८७९ मधली, जुनं नाव कमाटीबाग. पाय दुखायला लागले होते आणि घर आता फार लांब नव्हतं. एका बाकावर टेकले.

या बागेत एक जागा आहे तिला संकल्पभूमी म्हणतात. मी तिच्यावरून शेकड्यांनी वेळा स्कूटर नेली असेल. त्या संध्याकाळी, दिवसभराची ती दत्तकांची यादी डोक्यात घेऊन बसले होते आणि यादीतलं एक नाव आपोआप बाहेर पडलं.

सप्टेंबर १९१७. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर करारानुसार बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला आले. शहरात त्यांना कुणी राहायला जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांनी खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळच्या आत निघून जायला सांगितलं. दोन स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडे कारणं होती. मग ते या बागेत येऊन बसले, मुंबईची गाडी सुटायची वेळ होईपर्यंत. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ते ज्या झाडाखाली बसले ते वडाचं होतं असं सांगतात. बडोद्याचं नावच वडावरून आलंय: वटपद्रक, वडोदर. गुजरात सरकारनं १९७४ मध्ये बरोड्याचं वडोदरा केलं तेही त्याच वडापाशी परत जाणं.

महाराजांच्या तिजोरीत त्यांच्या शिक्षणासाठी पैसे होते, राजधानीत एक खोली नव्हती. ज्या शहरानं कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या पोराला गादी दिली, तंजावरच्या नाचाला आणि आग्र्याच्या गळ्याला घर दिलं, त्या शहराला साताऱ्याच्या शाळेत शिकलेला, महूला जन्मलेला, न्यूयॉर्कला शिकून आलेला हा माणूस अकरा दिवस झेपला नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी घर शोधत होते तेव्हा सात ठिकाणी गेले. सातही ठिकाणी नाव विचारल्यावर पुढचा प्रश्न तोच होता: "पूरुं नाम?" म्हणजे आडनाव सांगा. मी सांगत गेले. पाच ठिकाणी चहा आला. सातव्या घराच्या मालकीणबाईंनी किल्ली हातात देत म्हटलं, "तुम्ही आमच्यासारख्याच." मला ते तेव्हा प्रेमळ वाटलं होतं. घरी फोन करून मी ते कौतुकानं सांगितलंही होतं. माझ्या आधी ते घर बघायला कोण येऊन गेलं होतं आणि त्यांना चहा मिळाला होता का, हे मी विचारलं नाही. त्या वेळी सुचलंसुद्धा नाही.

स्टेशन इथून जवळच आहे. एक गाडी भोंगा देत गेली. कुठली ते कळायला मार्ग नव्हता. फिरायला आलेली माणसं कमी होत गेली, एक बाई मुलाला घसरगुंडीवरून ओढून काढत होती, आणि रखवालदार शिट्टी वाजवत एकेक बाक रिकामं करत माझ्यापर्यंत आला.

"चालो बेन, बंध थाय छे."

मी उठले. पुस्तक पिशवीत आहे ना ते चाचपलं.

"क्यां जवानुं?"

"फतेगंज."

"तो पेला झांपेथी नीकळो ने," त्यानं काठीनं दुसऱ्या फाटकाकडे दाखवलं. "नजीक पडशे." आणि मी बरोबर वाट धरली की नाही ते पाहायला चार पावलं माझ्या मागून आला.